दमणीतला दोन दिवसांचा मुक्काम

बालाघाटपासून गोंदिया-भंडाऱ्यापर्यंत वैनगंगेच्या दोन्ही काठांवर जुन्या मालगुजारी वाड्यांच्या कोठ्यांत अजून एखादी दमणी उभी दिसते. वरचा बांबूचा तट्ट्या फाटलेला, चाकं मातीत रुतलेली, साटीवर, म्हणजे बसायच्या फळ्यांवर, रिकाम्या पोत्यांचा ढीग. घरातल्या वडीलधाऱ्यांना तिच्याबद्दल विचारलं, की हमखास यात्रेचीच गोष्ट निघते. कार्तिकात रामपायलीला गेलो होतो, माघात कचारगडला गेलो होतो, दोन रात्री गाडीतच काढल्या होत्या, असं सांगताना माणसं खुलतात. ही गाडी पुन्हा चालती करता येते. तिच्यातून शनिवार-रविवारची सहल करता येते. कशी, ते इथं सविस्तर सांगायचं आहे. दमणी हॉटेलच्या दारात शोभेला उभी करण्यापेक्षा चालवण्यात तिचा खरा मान आहे, असं मला मनापासून वाटतं.

माल वाहायची ती बंडी आणि माणसं न्यायची ती दमणी. रेंगी तिच्याहून छोटी, दोघा-तिघांना घेऊन बैल दुडक्या चालीनं पळवायची गाडी. दमणीला सावली असते, बसायला थोडी जास्त जागा असते, कठडा असतो, आणि सुखवस्तू घरची असेल तर त्या कठड्यावर सुताराची नक्षीही असते. काही दमण्यांना आखावर लोखंडी कमानी बसवलेल्या असत. ज्यांना त्या नसत, त्यांत धक्के सोसायचं काम गाडीत पसरलेलं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, करी.

गाडीत राहून हौसेनं फिरण्याचा इतिहास युरोपात डॉ. गॉर्डन स्टेबल्स यांच्यापासून सांगतात. ब्रिटिश नौदलातून निवृत्त झालेल्या या डॉक्टरांनी १८८५ साली ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून ‘वाँडरर’ नावाची घोड्यांची गाडी बांधून घेतली आणि तिच्यातून ते थेट स्कॉटलंडपर्यंत गेले. पुढं घोड्यांच्या जागी मोटार आली आणि तिच्यामागं जोडायची घरं तयार होऊ लागली. अमेरिकेतल्या १९३०च्या दशकातल्या ॲल्युमिनियमच्या गाड्या दुरुस्त करून त्यांतून सुट्टीला जाणारी माणसं आज जगभर आहेत. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. स्टेबल्स यांच्या काळात आपल्याकडची शेतकरी कुटुंबंही तांदूळ, भांडी, अंथरूण आणि लेकरं घेऊन दोन-चार दिवस गाडीत राहतच होती. त्याला कुणी छंद म्हटलं नाही, इतकंच. बालाघाट जिल्हा १८६७ साली झाला. तिथले इंग्रज साहेब लोक हिवाळी दौऱ्यावर निघत तेव्हा त्यांचे तंबू आणि पेट्याही बैलगाड्यांवरच जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून छोटी रेल्वे आली, तरी स्टेशन ते गाव हा प्रवास पुढं कितीतरी वर्षं गाडीनंच व्हायचा.

जुनी दमणी तपासायला सुरुवात चाकापासून करावी. साटी, कठडा, तट्ट्या यांतलं काहीही नवं करता येतं, आणि चुकलं तर फार बिघडत नाही. चाक मात्र कच्चं राहिलं तर गाडी रस्त्यात बसते.

चाकाच्या मधोमध लाकडाचा जाड तुंबा असतो. त्यात आरे ठोकलेले असतात, आऱ्यांच्या बाहेरच्या टोकांवर वक्र लाकडी पुठ्ठे बसवलेले असतात, आणि या सगळ्यावरून लोखंडाची धाव चढवलेली असते. एका पुठ्ठ्यात दोन आरे बसतात, म्हणजे सहा पुठ्ठ्यांच्या चाकाला बारा आरे. आता यातली खुबी बघा. तुंबा, आरे आणि पुठ्ठे यांच्या सांध्यांत खिळा किंवा डिंक काही काम करत नाही. सगळं एकत्र राहतं ते धावेच्या दाबानं. म्हणून चाक तपासायचं म्हणजे आधी धाव तपासायची. चाक जमिनीवरून उचलून हातोडीनं धावेवर हलकेच ठोकावं. आवाज खणखणीत आला तर धाव घट्ट आहे. बद्द आवाज आला तर लाकूड आणि लोखंड यांच्यात फट पडली आहे. मग एकेक आरा धरून हलवून बघावा. पुठ्ठ्याजवळ हलणारा आरा धाव पुन्हा चढवली की बसतो. तुंब्याजवळ हलत असेल तर भोक झिजलेलं आहे, आणि तिथं नुसत्या धावेनं भागत नाही.

जुने कारागीर प्रत्येक भागाला वेगळं लाकूड वापरत, आणि बालाघाटच्या जंगलात ती सगळी लाकडं होती. तुंब्याला बाभळीसारखं, आऱ्यांचे घाव सोसूनही न चिरणारं लाकूड लागतं. आऱ्यांना आणि पुठ्ठ्यांना तिवस चांगला. तो चिवट असतो आणि धक्का खातो. दांड्यांना आणि जुन्या काळच्या लाकडी आखाला धावडा वापरत, कारण तो वाकतो पण सहसा मोडत नाही. साग साटीला आणि कठड्याला. सागाला वाळवी कमी लागते आणि तो पाणी धरत नाही, पण आऱ्याला लागणारा चिवटपणा त्याच्यात नाही. म्हणूनच आज एखादा फर्निचरवाला ‘सगळं सागाचं करून देतो’ म्हणाला तर नम्रपणे नको म्हणावं. नवं लाकूड घ्यायचंच तर वन विभागाच्या डेपोतलं, पावती आणि टीपी (वाहतूक परवाना) असलेलं घ्यावं, आणि पुरतं वाळलेलं आहे ना ते पाहावं. ओल्या लाकडाचं चाक पहिल्याच उन्हाळ्यात सैल पडतं.

धाव चढवणं हा गाडीच्या दुरुस्तीतला सगळ्यात पाहण्यासारखा भाग. सव्वा मीटर व्यासाच्या चाकाचा घेर जवळपास चार मीटर भरतो. लोहार धावेचा आतला घेर त्याहून बोटभर कमी ठेवतो. थंडपणी ती चाकावर बसणारच नाही. मग मोकळ्या जागी धाव आडवी ठेवून तिच्याभोवती गोवऱ्यांचं कडं रचतात आणि पेटवतात. लोखंडाची चार मीटरची पट्टी पाचशे अंशांनी तापली की सुमारे चोवीस मिलिमीटर वाढते. ती गार व्हायच्या आत दोघा-तिघांनी सांडशीनं उचलून चाकावर टाकायची, घणानं ठोकून सारखी करायची आणि लगेच पाणी ओतायचं. पाणी ओतायला उशीर झाला तर पुठ्ठे जळतात. लोखंड थंड होताना आकसतं, आरे तुंब्यात खोल शिरतात, सांधे करकरतात, आणि आतापर्यंत वीस तुकड्यांचं असलेलं चाक एकसंध होतं. घेर किती कमी ठेवायचा यात लोहाराचं सगळं कसब आहे. फार कमी ठेवला तर आरे वाकतात, जास्त ठेवला तर महिनाभरात धाव निसटते. हे काम येणारी माणसं आता थोडी उरली आहेत. वारासिवनी, लालबर्रा, कटंगी, लांजी या भागातल्या आठवडी बाजारात चौकशी केली तर एखादा जुना लोहार किंवा वाढई सापडतो. त्याच्या मजुरीत घासाघीस करू नये, आणि शक्य असेल तर आपल्या गावातल्या एखाद्या तरुण पोराला त्याच्या हाताखाली उभं करावं.

उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल झाली, की गाडीवान गाडी तळ्याच्या किंवा नदीच्या उथळ पाण्यात नेऊन उभी करत. लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि धाव घट्ट होते. एका प्रवासापुरता हा उपाय बरा. नेहमी तसं केलं तर पुठ्ठे आतून कुजतात.

तुंब्याच्या पोटात लोखंडी नळी असते, ती लोखंडी आखाभोवती फिरते, आणि चाक बाहेर निसटू नये म्हणून आखाच्या टोकाला कुणी ठोकलेली असते. कुणी हा बोटाएवढा खिळा, पण तो पडला तर चाक निघून गाडी कलंडते. निघताना आणि प्रत्येक थांब्यावर चारी बाजूंनी हात फिरवून बघायची सवय लावून घ्यावी. आख आणि नळी यांच्यात ओंगण लागतं. पूर्वी जवसाचं किंवा एरंडीचं तेल आणि जळलेल्या चिंध्यांची काजळी मिसळून ते बनवत आणि बांबूच्या नळकांड्यात भरून गाडीलाच टांगत. आज ट्रॅक्टरचं ग्रीस चालतं, चांगलं चालतं. चाक कुरकुरायला लागलं म्हणजे ओंगण संपून गेलेलं असतं आणि लोखंड लोखंडाला खात असतं. तोपर्यंत थांबू नये.

लाकडावर रंग देण्याची घाई करू नये. रंगाखाली भेग लपते. आधी सगळी साटी, दांड्या आणि जू कोरडं करून जवसाचं तेल पाजावं, ते मुरू द्यावं, आणि तेल न पिता काळं पडणारी जागा दिसली तर तिथं चाकूचं टोक खुपसून पाहावं. टोक सहज आत गेलं तर ते लाकूड बदलायचं. दांड्या आणि जू यांच्या बाबतीत तडजोड नको. वरचा तट्ट्या मात्र आपल्या भागातल्या बुरुडाकडून नवाच विणून घ्यावा. बालाघाटात बांबूला तोटा नाही. कमच्या वाकवून कमान करायची, तिच्यावर दुहेरी तट्ट्या, आणि दोन थरांत ताडपत्री घातली तर दव आणि अवकाळी सर दोन्ही भागतं. आतून जुन्या लुगड्याचं अस्तर लावलं की बांबूची कुसळं डोक्यात पडत नाहीत.

आता बैल. या मुलखाचा स्वतःचा बैल म्हणजे गवळाऊ. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, सिवनी, बालाघाट हा त्याचा पट्टा. रंग पांढरा किंवा राखी, तोंड लांब आणि निमुळतं, अंग सडपातळ. डोंगराळ वाटांवरून फौजेचं सामान झपाट्यानं नेता यावं म्हणून मराठ्यांच्या काळात ही जात जोपासली गेली, असं मानतात. जड ओझ्यापेक्षा वेगाला तो चांगला, त्यामुळं दमणीला त्याच्यासारखा बैल नाही. गाडी आणि बैल एकमेकांसाठीच घडले आहेत. पण आपल्याकडं बैल नसतील आणि कुणाची जोडी मागून न्यायची असेल, तर त्या जोडीबरोबर तिचा माणूसही घ्यावा. बैलाला उजवीकडची आणि डावीकडची बाजू ठरलेली असते. ती बदलली की तो बिथरतो. आवाज ओळखीचा नसला तर चालत नाही. दोन दिवसांत ही ओळख होत नाही.

बैल दिवसभर किती जोर लावू शकतो याचा ढोबळ हिशेब त्याच्या वजनाच्या दहा टक्के असा धरतात. पावणेचारशे किलोचे दोन बैल म्हणजे सुमारे पंचाहत्तर किलोचा सततचा जोर. माणसांसह दमणी सहाशे किलो भरली असं समजा. कठीण सपाट रस्त्यावर तिला ओढायला वजनाच्या दोन-चार टक्के, म्हणजे बारा ते चोवीस किलोचा जोर पुरतो, बैल आरामात चालतात. मऊ मातीत किंवा रेतीत हाच आकडा दहा टक्क्यांच्या वर जातो. आणि चढ आला की हिशेब एकदम बदलतो. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर नुसत्या चढापायी आणखी साठ किलोची भर पडते. म्हणून चढावर माणसांनी खाली उतरून चालायचं. तो नुसता दयाळूपणा नाही, हिशेबही आहे. बालाघाटहून बैहरच्या पठाराकडं चढणारे घाट दमणीच्या दोन दिवसांच्या सहलीसाठी नाहीत, हेही यावरून कळेल. वैनगंगेच्या खोऱ्यातली सपाट वाट धरावी.

उतारावर उलटी अडचण. बैलाच्या अंगावर मागून धरून ठेवणारा पट्टा नसतो, त्यामुळं गाडी पुढं ढकलू लागली की जू मानेवरून शिंगांकडं सरकतं. तिथं एका माणसानं मागं दोर धरून चालावं, किंवा चाकाला घासणारा लाकडी अडणा लावावा.

यानंतर सगळ्यात नाजूक गोष्ट, तोल. दोन चाकांची गाडी आखावर तोललेली असते. ओझं आखाच्या मागं गेलं तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि जोती, म्हणजे जुवाचे गळपट्टे, बैलांच्या गळ्याला फास लावल्यासारखी ओढली जातात. ओझं फार पुढं आलं तर गाडी धुरजड होते आणि सगळा भार बैलांच्या खांद्यावर येतो. दोन्ही वाईट. हवं ते असं, की सगळी माणसं आणि सामान बसल्यावर जू किंचित खाली झुकलेलं असावं आणि एका माणसाला एका हातानं सहज उचलता यावं. निघण्याआधी बैल जुंपण्यापूर्वीच हे करून पाहावं. नंतर गाडीतली मंडळी सरकतात, कुणी मागं पाय सोडून बसतो, तणस कमी होतं, म्हणून दर थांब्यावर पुन्हा पाहावं. मोटारीमागं ओढायच्या अमेरिकन गाड्यांनाही नेमका हाच नियम आहे. तिथं एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या टोकावर ठेवतात. तो कमी झाला की वेगात मागची गाडी डावी-उजवीकडं झोकांड्या खाऊ लागते आणि पुढच्या मोटारीलाही घेऊन पलटते. तिथं भार लोखंडी आकड्यावर येतो, इथं जिवंत खांद्यावर, म्हणून इथं तो कितीतरी कमी लागतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतात, ते याच जागेसाठी. निघायच्या आठवडाभर आधी खांदे दाबून बघा. सूज किंवा जखम असेल तर सहल पुढं ढकलायची, दुसरा विचार करायचा नाही.

पायांचंही तसंच. डांबरी रस्त्यावर चालायचं तर नाल हवी. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, त्यामुळं प्रत्येक पायाला दोन अशा एका बैलाला आठ पत्र्या लागतात. डांबरावर धावेचा खडखडाट आणि धक्का कमी करायला तिच्यावर जुन्या टायरची रबरी पट्टी चढवतात. ती युक्ती चांगली आहे. पूर्ण जीपची चाकं बसवण्याच्या मात्र मी विरोधात आहे. ओढायला ती हलकी पडतात हे खरं, मालाच्या बंडीला ती योग्यच. पण ब्रेक नसलेली हलकी गाडी उतारावर आणखी अनावर होते, आणि आखाची उंची बदलली की दांड्यांचा कल आणि जुवावरचा तोल, सगळं नव्यानं बसवावं लागतं.

कायद्यातही बैलाच्या बाजूनं नियम आहेत. १९६५ सालच्या केंद्रीय नियमांप्रमाणे ओढकामाच्या जनावराकडून दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेता येत नाही. जिथं तापमान ३७ अंशांच्या वर जातं तिथं दुपारी बारा ते तीन जुंपता येत नाही. अणकुचीदार पराणीला मनाई आहे. हौसेच्या सहलीत यातल्या कुठल्याही मर्यादेच्या जवळसुद्धा जाऊ नये. बैल ताशी तीन-चार किलोमीटर चालतो. सकाळी तीन तास, संध्याकाळी दोन तास धरले तर दिवसाचे पंधरा-वीस किलोमीटर होतात. तेवढे भरपूर.

वाट आणि दिवस निवडताना धानाचं वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवावं. पावसाळ्यात बांद्या चिखलानं भरलेल्या असतात, पांदणीतून चाक निघत नाही. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. धान कापलेलं, वाट कोरडी, तळी भरलेली, नवं तणस हाताशी. फाल्गुनानंतर मोहफुलं वेचायला लोक झाडांखालचा पालापाचोळा जाळतात, जंगलाच्या कडेला वणव्याची भीती असते, आणि ऊनही बैलांना सोसत नाही. कार्तिक पौर्णिमेला वारासिवनीजवळ रामपायलीला चंदन नदीकाठच्या बालाजीची यात्रा भरते. बालाघाट परिसरातून निघून मोठा रस्ता टाळत, गावागावांतून, वाटेत एक रात्र काढून तिथं पोचणं, ही नव्यानं सुरू करणाऱ्यासाठी अगदी बेताची मजल आहे. लांजीकडच्या मंडळींना माघ पौर्णिमेची कचारगडची यात्रा जवळ. सालेकसा तालुक्यातल्या डोंगरातल्या त्या गुहा गोंड समाजाचं श्रद्धास्थान आहेत. तिथं जायचं तर आपण पाहुणे आहोत हे लक्षात ठेवूनच जावं. कान्हाच्या मुक्की दरवाजाकडं दमणी घेऊन जाण्याचा मोह टाळावा. व्याघ्र प्रकल्पाच्या आत आणि राखीव जंगलात असा मुक्काम करता येत नाही, आणि गावच्या गुरांचे रोग रानातल्या गव्यांपर्यंत जाऊ नयेत, हेही महत्त्वाचं आहे.

सामान थोडं. दोन बैलांना दोन दिवसांसाठी तीस-पस्तीस किलो तणस, वर थोडं हरभऱ्याचं किंवा तुरीचं कुटार आणि ढेप. नुसत्या तणसावर चालणाऱ्या बैलाचा दम टिकत नाही. हेच तणस साटीवर हातभर जाड पसरायचं, त्यावर सतरंजी आणि गोधडी. जातानाचं अंथरूण जाड आणि येतानाचं पातळ, हे ओघानंच आलं. बैल दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी पितो, ते बरोबर नेणं शक्य नाही, म्हणून दुपारचा आणि रात्रीचा थांबा तळ्याजवळ किंवा हातपंपाजवळ ठरवून ठेवायचा. माणसांपुरतं प्यायचं पाणी तेवढं बरोबर. कंदील आखाखाली टांगायचा. आज त्याबरोबर मागं लाल परावर्तक पट्ट्या आणि एक लुकलुकणारा दिवा लावणं मी सक्तीचं मानतो. अंधार पडल्यावर मोठ्या रस्त्यावर गाडी घालूच नये.

मुक्कामाची जागा सूर्य मावळायच्या तासभर आधी गाठावी. गावाची आमराई, देवळाचं आवार, तळ्याची पाळ या जुन्या मुक्कामाच्या जागा. कुठंही थांबण्याआधी गावात जाऊन सरपंचांना किंवा त्या जागेच्या मालकाला विचारायचं. बैलगाडी बघून लोक आपुलकीनं बोलतात, सरपण आणि भाजी आणून देतात, पण न विचारता उतरलेल्या पाहुण्याचं स्वागत कुठंच होत नाही.

उतरल्यावर आधी बैल सोडायचे. मग जुवाखाली शिपाई, म्हणजे लाकडी टेकू, लावायचा, मागच्या बाजूलाही तसाच एक टेकू, म्हणजे रात्री कुणी मागं सरकलं तरी गाडी उलाळणार नाही. चाकांना पुढून-मागून दगड. बैलांना घाम जिरेपर्यंत चालवून फिरवून मग पाणी, पाण्यानंतर चारा. त्यांना रवंथ करायला निवांत बसायला मिळालं पाहिजे. रात्रीची ही विश्रांती मोडली तर दुसऱ्या दिवशी चाल मंदावते. बैल गाडीच्या आणि शेकोटीच्या मधे बांधावेत. जंगलालगतच्या गावात बिबट्याचा वावर असतो, तिथं गोठ्याची सोय मिळाली तर तीच घ्यावी.

दमणीत दोघं नीट झोपतात, फार तर एक लेकरू आणखी. बाकीच्यांनी गाडीशेजारी तणस पसरावं आणि वर ताडपत्रीचा आडोसा करावा. डिसेंबर-जानेवारीत या खोऱ्यात पहाटेची थंडी चांगलीच झोंबते, आणि थंडीपेक्षा दव जास्त त्रास देतं. तट्ट्याच्या तोंडाशी जाड चादर सोडली तर आतली ऊब टिकते. शेगडी किंवा निखारे मात्र झोपताना आत कधीही नेऊ नयेत. तणस पेटण्याची भीती आहेच, शिवाय बंद जागेतल्या निखाऱ्यांचा विषारी वायू झोपेत कळतही नाही.

जेवणाला रोडगे. जाडसर कणकेला तेलाचं मोहन देऊन घट्ट मळायचं, पोळीच्या घडीला घडी घालत गोळे करायचे. गोवऱ्या पूर्ण पेटून धूर थांबला आणि लाल निखारा झाला, की त्यात ते पुरायचे. धूर असताना टाकले तर वरून काळे आणि आतून कच्चे राहतात. वाफ आतपर्यंत पोचायला पाऊण-एक तास लागतो, तोवर दुसऱ्या चुलीवर वांग्याची भाजी आणि वरण होतं. राख झटकून रोडगा फोडायचा आणि वर तूप. दुसऱ्या दिवशी दुपारी भात करावा, आणि तो चिन्नोरचा. बालाघाटच्या या बारीक, सुवासिक तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. वारासिवनी-लालबर्रा भागात तो घेणाऱ्या शेतकऱ्याकडूनच विकत घेऊन तिथंच शिजवावा. उरलेलं अन्न, प्लास्टिक, काचा काहीही मागं ठेवू नये. आमराईत गावची गुरं चरतात.

परत आल्यावर बैलांना एक पूर्ण दिवस सुट्टी. त्यांचे खांदे आणि खूर पुन्हा तपासायचे, खुरात खडा अडकलेला असेल तर काढायचा, खांद्याला तेल लावायचं. गाडीची चाकं काढून आख पुसायचा, वाळू मिसळलेलं जुनं ओंगण फेकून नवं भरायचं. वाळूचं ओंगण नळीला कानसीसारखं घासतं. साटी झाडून कोरडी करायची आणि गाडी विटांवर चढवून ठेवायची, म्हणजे चाकांवर भार येत नाही आणि पुठ्ठ्यांना जमिनीची ओल लागत नाही. वर सावली हवी, पण चारी बाजूंनी हवा खेळती हवी. चैत्रात धावेवर एकदा हातोडी वाजवून बघायची, आवाज बद्द आला तर पावसाळ्याआधी लोहाराला निरोप धाडायचा. आषाढात गोवऱ्या ओल्या असतात आणि तो शेतीच्या अवजारांत गुंतलेला असतो.